सोकोवोफ्स्को : पोलंडमधील एका डोंगरी गावाचा इतिहास आणि भूगोल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पोलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, झेक सीमेला लागून असलेल्या सुदेती पर्वतरांगेत सोकोवोफ्स्को नावाचे छोटे गाव आहे. वस्ती हजाराच्या आत, एकच मुख्य रस्ता आणि चहूबाजूंनी वनाच्छादित डोंगर, एवढाच त्याचा पसारा. तरीही क्षयरोगाच्या उपचारांचा इतिहास या गावाला वगळून लिहिता येत नाही. क्षयरुग्णांसाठीचे जगातील पहिले आरोग्यधाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे सुरू झाले आणि आपल्याकडे पाचगणी व मिरज येथे जी क्षयरुग्णालये उभी राहिली, त्यांच्यामागील कल्पनेचे मूळही याच दरीत सापडते. गावाविषयी मराठी वाचकांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हे गाव नेमके कोठे आहे?

लोअर सायलेशिया प्रांतात, वाउब्झिख जिल्ह्यात, म्येरोशुफ या लहान शहराच्या प्रशासकीय क्षेत्रात हे गाव येते. प्रांताची राजधानी व्रोत्स्वाफ ईशान्येला आहे. एके काळी कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले वाउब्झिख शहर डोंगरापलीकडे, मोटारीने अर्ध्या तासाच्या आत गाठता येते. समुद्रसपाटीपासून गावाची उंची साधारण साडेपाचशे मीटर आहे. म्हणजे गाव फार उंचावर वसलेले नाही. ज्यांच्या मनात पोलंडचे डोंगर म्हणजे झाकोपाने आणि तात्रा पर्वताची उघडी शिखरे, त्यांना ही दरी बुटकी वाटण्याचा संभव आहे. मात्र तिच्या इतिहासात उंचीपेक्षा आडोशाला अधिक महत्त्व आहे.

आजूबाजूचे डोंगर कोणते आणि ते कसे तयार झाले?

सुदेती ही एकसंध रांग नसून अनेक लहान रांगांचा समूह आहे. त्यांपैकी ‘पाषाणी डोंगर’ अशा अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रांगेचा पूर्वेकडील भाग म्हणजे ‘कोरडे डोंगर’. सोकोवोफ्स्को या कोरड्या डोंगरांच्या कुशीत आहे. रांगेतील सर्वोच्च शिखर वालिगुरा. जुन्या नकाशांत त्याची उंची ९३६ मीटर दिलेली असते, नव्या मोजणीत ती दोनेक मीटरने कमी भरते. गावाच्या अगदी डोक्यावर व्वोस्तोवा, कोस्त्षिना आणि सुहावा ही नऊशे मीटरच्या वरची तीन शिखरे ओळीने उभी आहेत, तर दुसऱ्या बाजूस बुकोव्येत्स आहे.

हे सर्व डोंगर ज्वालामुखीतून जन्मले. पर्मियन युगात, म्हणजे सुमारे २८ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, येथे लाव्हा वर आला. काही ठिकाणी तो पृष्ठभागावर पसरला आणि काही ठिकाणी भूगर्भातच घट्ट होऊन राहिला. पुढे कोट्यवधी वर्षांत भोवतालचे मऊ गाळाचे खडक झिजून गेले आणि कठीण ज्वालामुखीय खडक तेवढे उभे राहिले. सह्याद्रीशी परिचित असलेल्या वाचकाने येथे एक फरक लक्षात घ्यावा. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो पातळ लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला, म्हणून आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि सपाट माथे दिसतात. सोकोवोफ्स्कोच्या परिसरातील बराचसा खडक ऱ्हायोलाइट जातीचा, म्हणजे घट्ट व संथ वाहणाऱ्या लाव्हापासून झालेला आहे. त्यामुळे येथे सपाट पठारे नाहीत. एकमेकांना खेटून उभे राहिलेले, गोलसर माथ्याचे पण अत्यंत खड्या उताराचे सुळके आहेत. उंचीच्या आकड्यावरून हे डोंगर सोपे वाटतात, परंतु व्वोस्तोवाच्या चढावर चांगल्या चालणाऱ्याचाही घामटा निघतो.

याच परिसरात बेसाल्टसारखा काळपट मेलाफायरही सापडतो. रिब्नित्सा लेश्ना या शेजारच्या गावाजवळ त्याची मोठी खाण असून तेथील खडी रस्ते व लोहमार्गांसाठी वापरली जाते. कोळसा मात्र याहून जुन्या, कार्बनी युगातील थरांत आहे. त्याचे साठे वाउब्झिखच्या बाजूस होते आणि तेथील खाणी १९९० च्या दशकात बंद झाल्या.

गावातील ओढ्याचे पाणी कोठे जाते?

गावातून वाहणारा सोकोवोव्येत्स हा ओढा श्चिनाव्का नदीला मिळतो. ही नदी म्येरोशुफवरून झेक प्रदेशात शिरते, ब्रोउमोव शहराजवळून वाहते, पुन्हा पोलंडमध्ये येऊन निसा क्वोझ्का नदीला मिळते आणि तिच्यामार्गे ओडर नदीतून हे पाणी अखेर बाल्टिक समुद्रात पोहोचते. राजकीय सीमा या भागात किती वेळा सरकल्या हे पुढे येईलच. पाणलोट मात्र आजही दोन देशांचा सामाईक आहे.

आरोग्यधाम सुरू होण्यापूर्वी येथे काय होते?

चौदाव्या शतकापासून येथे वस्ती असल्याचे मानले जाते. जंगल तोडून शेतजमीन काढणाऱ्या जर्मन भाषक वसाहतकऱ्यांनी सायलेशियाच्या डोंगराळ भागात जी असंख्य लांबट गावे वसवली, त्यांपैकीच हे एक. ओढ्याच्या दोन्ही काठांनी घरे आणि प्रत्येक घरामागे डोंगराच्या दिशेने जाणारी शेताची पट्टी, अशी या गावांची घडण असे. जवळच्या जंगलात रादोस्नो या मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष आहेत. आज तेथे मनोऱ्याचा एक भाग आणि भिंतींचे ढिगारे एवढेच उरले आहे.

हा मुलूख आधी श्विद्नित्साच्या पोलिश वंशाच्या ड्यूकांकडे होता. १३९२ मध्ये तो बोहेमियाच्या राजमुकुटाकडे, १५२६ मध्ये बोहेमियाबरोबरच हाब्सबर्ग घराण्याकडे, १७४२ मध्ये प्रशियाकडे आणि १८७१ मध्ये एकसंध जर्मन साम्राज्यात गेला. गावकऱ्यांच्या रोजच्या जगण्यात या बदलांमुळे फारसा फरक पडत नसे. थंड हवा व उतरणीची जमीन यांमुळे शेतीवर भागत नव्हते, म्हणून या सगळ्या पट्ट्यातील घरोघरी हातमागावर लिननचे कापड विणले जाई. इंग्लंडमधील यंत्रांवर तयार झालेल्या स्वस्त कापडाने हा धंदा बुडवला आणि १८४४ मध्ये जवळच्याच सोव्ये डोंगरांतील विणकरांनी केलेला उठाव प्रशियाच्या सैन्याने चिरडून टाकला. आरोग्यधामाचा जन्म या दारिद्र्याच्या पार्श्वभूमीवर झाला हे अनेक वर्णनांतून सुटून जाते.

जुन्या पुस्तकांत ग्योर्बर्सडोर्फ असे नाव आढळते. ते हेच गाव काय?

होय. १९४५ पर्यंत गावाचे जर्मन नाव ग्योर्बर्सडोर्फ होते. गाव पोलंडकडे आल्यानंतर त्याला सोकोवोफ्स्को हे नाव मिळाले. हे नाव डॉ. आल्फ्रेड सोकोवोफ्स्की (१८४९–१९२४) या पोलिश फुप्फुसरोगतज्ज्ञाच्या स्मरणार्थ आहे. ते स्वतः क्षयाने आजारी होऊन येथे आले, बरे झाले आणि नंतर काही वर्षे याच आरोग्यधामात संस्थापकांचे साहाय्यक म्हणून काम करत होते. युद्धानंतर या प्रदेशातील शेकडो गावांची नावे घाईघाईने बदलण्यात आली. त्या गर्दीत हे नामकरण विशेष औचित्यपूर्ण वाटते, कारण ज्याच्या नावाने गाव ओळखले जाऊ लागले तो माणूस खरोखरच त्या गावात राहिला होता आणि त्याचे आयुष्य त्या गावाने वाचवले होते.

क्षयरुग्णांसाठीचे आरोग्यधाम येथेच का सुरू झाले?

त्याची सुरुवात पाण्यापासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिन्सेंट प्रीस्निट्झ या शेतकरी उपचारकाने सुदेतीच्याच पूर्व भागात, ग्रेफेनबर्ग येथे, थंड पाण्याच्या उपचारांचे केंद्र चालवून युरोपभर नाव मिळवले होते. त्याच्या पद्धतीने प्रभावित झालेल्या मारी फॉन कोलोंब या उमराव घराण्यातील महिलेने १८४९ च्या सुमारास ग्योर्बर्सडोर्फची दरी पाहिली आणि तेथे जलोपचाराचे केंद्र काढले. केंद्र आर्थिक अडचणीत आले, तेव्हा ते तिची बहीण आणि बहिणीचे पती डॉ. हेर्मान ब्रेमर यांच्याकडे आले.

ब्रेमर यांचा जन्म १८२६ चा, सायलेशियातील स्ट्रेलेन शहराजवळील एका खेड्यातला. बर्लिन येथे त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये फुप्फुसाच्या क्षयावर लॅटिन भाषेत प्रबंध सादर केला. क्षय हा प्रारंभिक अवस्थेत नेहमी बरा होऊ शकतो, हे त्यांचे ठाम प्रतिपादन होते. आज हे वाक्य साधे वाटते. त्या काळी ते धाडसाचे होते. क्षय म्हणजे मृत्यूचे बोलावणे अशी समजूत सामान्य लोकांत होती आणि बहुतेक डॉक्टरांचीही तीच होती. पैसेवाल्या रुग्णाला इटलीच्या उबदार किनाऱ्यावर पाठवायचे, गरिबाला बंद खोलीत ठेवायचे आणि वाट पाहायची, एवढाच उपचार होता. अशा वेळी १८५० च्या दशकाच्या मध्यास ब्रेमर यांनी केवळ क्षयरुग्णांसाठी, डॉक्टरांच्या अहोरात्र देखरेखीखाली चालणारी संस्था थंड डोंगरात उभी केली.

पुढच्या काळात तिचा विस्तार होत गेला. हॅनोव्हर येथील वास्तुकार एडविन ओप्लर यांच्या आराखड्यानुसार बांधलेली लाल विटांची, मनोरे आणि टोकदार कमानी असलेली निओगॉथिक इमारत आजही गावाची ओळख आहे. ब्रेमर यांचे १८८९ मध्ये निधन झाले, तोवर गावात त्यांच्या संस्थेशेजारी डॉ. टेओडोर र‍्योम्पलर यांचे आणि काउंटेस प्यूक्लर यांचे अशी आणखी आरोग्यधामेही चालू झाली होती.

ब्रेमर हिमालयात जाऊन क्षयातून बरे झाले, ही गोष्ट खरी आहे काय?

भारतीय वाचक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि त्याचे कारणही आहे. कित्येक इंग्रजी लेखांत व पाठ्यपुस्तकांत ही कथा ठामपणे सांगितलेली असते. तरुण ब्रेमर यांना क्षय झाला, डॉक्टरांनी हवापालट सुचवला, ते वनस्पतींचा अभ्यास करत हिमालयात राहिले आणि रोगमुक्त होऊन परतले, असा तिचा सारांश. या कथेवर विश्वास ठेवू नये. ब्रेमर यांच्या शिक्षणाचा ज्ञात क्रम पाहिला, तर त्या काळच्या जहाजप्रवासाने हिमालयापर्यंत जाऊन तेथे दीर्घकाळ राहण्याइतकी मोकळीक त्यांना होती असे दिसत नाही. डोंगराच्या हवेविषयीची त्यांची श्रद्धा अधिक साध्या मार्गाने आली होती. अमुक उंचीच्या वर राहणाऱ्या लोकांत क्षय आढळत नाही, असे आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यासारख्या प्रवासी शास्त्रज्ञांच्या निरीक्षणांवरून तेव्हा मानले जात होते, आणि ग्योर्बर्सडोर्फच्या मूळ रहिवाशांत हा रोग नाही असे ब्रेमर यांचे म्हणणे होते.

आरोग्यधामातील रुग्णांचा दिनक्रम कसा होता?

ब्रेमर यांच्या पद्धतीत तीन गोष्टींवर भर होता : भरपूर व सकस आहार, मोकळ्या हवेत मोजूनमापून चालणे आणि डॉक्टरांचे बारीक लक्ष. जेवणात दूध, लोणी, मांस व भाज्या यांची रेलचेल असे आणि हंगेरियन वाइन किंवा थोडी कोन्याकही औषध म्हणून दिली जाई. मूळच्या जलोपचारातील थंड पाण्याच्या धारा ब्रेमर यांनी कायम ठेवल्या, पण त्या सरसकट सर्वांना दिल्या जात नसत.

चालण्याची व्यवस्था विशेष विचारपूर्वक केलेली होती. इमारतीमागच्या उतारावर बाग आणि जंगल यांना जोडणाऱ्या पायवाटा अशा आखल्या होत्या की चढ अगदी हळूहळू वाढत जावा. ठरावीक अंतरावर बाके होती. नव्या रुग्णाने पहिल्या एकदोन बाकांपर्यंतच जायचे, दम लागण्यापूर्वीच बसायचे, आणि प्रकृती सुधारेल तसे डॉक्टरांच्या परवानगीने पुढचे बाक गाठायचे, असा नियम होता. परतीची वाट उताराची असावी, म्हणजे थकलेल्या माणसावर चढण्याची वेळ येऊ नये, याचीही काळजी घेतलेली होती. त्या वाटांपैकी काही आजच्या ब्रेमर उद्यानात ओळखता येतात, आणि गावाला भेट देणाऱ्याने इमारतीचे छायाचित्र घेऊन परतण्यापेक्षा या वाटांवर सावकाश चालून पाहावे, असे आवर्जून सांगावेसे वाटते. उपचारपद्धती म्हणजे काय, हे तेथील चढ पायांना समजावून सांगतो.

पेटर डेटवायलर हे येथे आधी रुग्ण आणि मग ब्रेमर यांचे साहाय्यक होते. १८७६ मध्ये त्यांनी जर्मनीतील फाल्केनश्टाइन येथे स्वतःचे आरोग्यधाम काढले आणि चालण्याऐवजी विश्रांतीला अग्रस्थान दिले. उघड्या व्हरांड्यात, ब्लँकेट गुंडाळून, लांब खुर्चीवर तासन्‌तास पडून राहण्याचे जे चित्र सॅनेटोरियम म्हटले की डोळ्यांपुढे येते, ते डेटवायलर यांच्या पद्धतीचे आहे. रुग्णांनी इतस्ततः थुंकू नये म्हणून खिशात मावणारी, झाकणाची निळ्या काचेची बाटलीही त्यांनीच प्रचारात आणली. रोगाचा जंतू थुंकीतून पसरतो हे तोवर ज्ञात झाले होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला होता.

ब्रेमर यांचा सिद्धान्त बरोबर होता काय?

नव्हता. क्षयरुग्णाचे हृदय शरीराच्या मानाने लहान व दुबळे असते, त्यामुळे फुप्फुसांना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही आणि उंचावरील विरळ हवेत हृदयाचे काम वाढून हा दोष दूर होतो, असे त्यांचे गणित होते. ते मुळातच चुकीचे होते. शिवाय साडेपाचशे मीटरवर हवा म्हणावी तितकी विरळही नसते.

परंतु उपचाराचा लाभ काही रुग्णांना खरोखर होत होता, आणि त्याची कारणे सिद्धान्ताबाहेरची होती. पोटभर अन्न, पुरेशी झोप, कोंदट खोलीपासून व कष्टापासून सुटका, यांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती वाढते आणि रोग काही काळ, काही वेळा कायमचाही, दबून राहू शकतो. मला स्वतःला ब्रेमर यांचे मोठेपण रुग्णाकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीत दिसते. ज्यांना समाजाने मेल्यात जमा केले होते त्यांच्यावर रोज, नेमाने, बरे होण्याच्या अपेक्षेने उपचार करावेत, हा आग्रह त्यांनी धरला. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की ही सोय दीर्घकाळ मुख्यतः पैसे भरू शकणाऱ्यांसाठीच होती, आणि आसपासच्या खाणींत व मागांवर खपून क्षयाला बळी पडणाऱ्यांना तिचा फायदा फारच कमी मिळाला.

गावात रशियन ऑर्थोडॉक्स चर्च कसे आले?

रशियन साम्राज्यातून येणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी होती, आणि त्या साम्राज्यात तेव्हा वॉर्सासह पोलंडचा मोठा भाग होता. त्यांच्या उपासनेसाठी १९००–१९०१ मध्ये देवदूत मायकेल यांच्या नावाचे छोटे चर्च बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या वास्तूचा निवासासाठीही वापर झाला; पुढे ते पुन्हा ऑर्थोडॉक्स समाजाकडे आले आणि आज तेथे उपासना होते.

ही कल्पना भारतात आणि महाराष्ट्रात कशी पोहोचली?

ग्योर्बर्सडोर्फ, फाल्केनश्टाइन आणि स्वित्झर्लंडमधील दावोस ही नावे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी होती. अमेरिकेत डॉ. एडवर्ड ट्रुडो यांनी ब्रेमर व डेटवायलर यांच्या कामाविषयी वाचून सॅरनॅक लेक येथे १८८५ मध्ये पहिली कुटी उभारली. भारतातही विसाव्या शतकाच्या आरंभी थंड हवेच्या ठिकाणी क्षयरुग्णांसाठी आरोग्यधामे निघू लागली. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुरू केलेले बेल-एअर आणि मिरजेजवळ डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नावाने ओळखले जाणारे क्षयरुग्णालय ही महाराष्ट्रातील त्याची ठळक उदाहरणे. मिरजेच्या त्या परिसराला वॉनलेसवाडी हे नाव त्यावरूनच आहे.

या कल्पनेचा शेवटही भारतातच लिहिला गेला, ही गोष्ट मराठी वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड उपलब्ध झाले. औषधे आली, पण रुग्णाला आरोग्यधामात ठेवणे आवश्यकच आहे अशी समजूत कायम होती. भारतात खाटा थोड्या आणि रुग्ण लाखो असल्यामुळे हा प्रश्न जीवनमरणाचा होता. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने शहरातील गरीब, दाटीवाटीने राहणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला घरीच, तीच औषधे वर्षभर दिली. आरोग्यधामात आहार व विश्रांती कितीतरी चांगली असूनही दोन्ही गटांतील बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले, आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक धोका पोहोचतो असेही पुढच्या पाहणीत आढळले नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर जगभरातील क्षयरोग आरोग्यधामांची गरज झपाट्याने कमी होत गेली.

१९४५ मध्ये गावात काय घडले?

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनी पोलंडचा नकाशाच पश्चिमेकडे सरकवला. पूर्वेकडील मोठा प्रदेश सोव्हिएत संघाला गेला आणि जर्मनीचा ओडर–नायसे नद्यांच्या पूर्वेचा भाग, म्हणजे जवळजवळ संपूर्ण सायलेशिया, पोलंडच्या प्रशासनाखाली आला. पॉट्सडॅम येथील निर्णयानंतर येथील जर्मन लोकांना पश्चिमेकडे पाठवण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या कुटुंबांनी हातात मावेल तेवढे सामान घेऊन घरे सोडली. वाउब्झिखच्या खाणींना कुशल हातांची गरज असल्यामुळे तेथील काही जर्मन खाणकामगारांना मात्र आणखी काही वर्षे ठेवून घेण्यात आले.

रिकाम्या झालेल्या घरांत मध्य पोलंडमधून आणि सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्वेकडील मुलखातून पोलिश कुटुंबे येऊन राहिली. म्हणजे येणारेही बहुतांशी घर गमावलेलेच होते. या पूर्वेकडील मुलखाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने तेथून सायबेरिया व मध्य आशियात नेलेल्या पोलिश नागरिकांपैकी सुमारे पाच हजार जण, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, पुढे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिले. युद्ध संपले तेव्हा त्यांची मूळ गावे पोलंडमध्ये उरली नव्हती.

सोकोवोफ्स्कोच्या बाबतीत एक गोष्ट अखंड राहिली. माणसे, भाषा आणि नावे बदलली, तरी आरोग्यधाम बंद पडले नाही. पोलिश डॉक्टर व परिचारिकांनी त्याच खाटांवर क्षयरुग्णांचा उपचार चालू ठेवला आणि युद्धोत्तर पोलंडमध्ये क्षयाची साथ मोठी असल्याने त्याची गरजही होती.

क्षिश्तोफ क्येश्लोव्स्की यांचा या गावाशी काय संबंध आहे?

विख्यात चित्रपट दिग्दर्शक क्येश्लोव्स्की (१९४१–१९९६) यांचे वडील क्षयाचे रुग्ण होते. वडिलांच्या उपचारांसाठी कुटुंब एका आरोग्यधामाच्या गावातून दुसऱ्या गावात फिरत असे आणि १९५० च्या दशकात त्यांचा मुक्काम बरीच वर्षे सोकोवोफ्स्को येथे होता. गावात चित्रपट दाखवले जात, पण तिकिटाला पैसे नसत. म्हणून मुले सभागृहाच्या छपरावर चढत आणि हवेच्या झरोक्यातून खाली पाहत. तेथून पडद्याचा जेमतेम एक कोपरा दिसे, असे क्येश्लोव्स्की यांनी स्वतःच सांगितले आहे. २०११ पासून त्यांच्या स्मरणार्थ गावात दरवर्षी चित्रपट महोत्सव भरतो. हजाराहून कमी वस्तीच्या गावात असा महोत्सव इतकी वर्षे टिकावा, ही गोष्ट कौतुकास्पद आहे.

ब्रेमर यांच्या इमारतीची आजची स्थिती काय आहे?

क्षयरुग्ण कमी झाले तशी इमारत ओस पडत गेली आणि २००५ मध्ये लागलेल्या आगीत तिचे छप्पर व आतील बराचसा भाग नष्ट झाला. २००७ मध्ये ‘इन सिटू’ या कलाक्षेत्रातील प्रतिष्ठानाने ती विकत घेतली. तेव्हापासून भिंती सावरणे, छप्पर घालणे आणि एकेक भाग वापरण्याजोगा करणे हे काम टप्प्याटप्प्याने सुरू आहे. प्रदर्शने, संगीत व दृश्यकलेचे कार्यक्रम तेथे होतात. जळालेल्या विटा जशाच्या तशा ठेवून नवे बांधकाम वेगळे दिसेल असे करण्याची येथील पद्धत मला योग्य वाटते. सगळे गुळगुळीत करून जुन्यासारखे नवे बांधले असते तर आग आणि दुर्लक्ष या दोन्ही गोष्टी पुसल्या गेल्या असत्या.

ओल्गा तोकार्चुक यांच्या कादंबरीतील गाव हेच का?

होय. नोबेल पारितोषिक विजेत्या तोकार्चुक यांच्या २०२२ मधील कादंबरीचे कथानक १९१३ च्या ग्योर्बर्सडोर्फमध्ये घडते. तिच्यातील घटना काल्पनिक आहेत, त्यामुळे गावाचा इतिहास म्हणून ती वाचू नये. दरीचे आणि जंगलाचे वर्णन मात्र ओळखीचे वाटते.

गावाला भेट देण्यासाठी योग्य काळ कोणता आणि कसे जावे?

मे ते ऑक्टोबर हा काळ चालण्यासाठी उत्तम. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात बीचची झाडे तांबूस होतात, आणि एकोणिसाव्या शतकापासून लावलेल्या स्प्रूसच्या गडद हिरव्या पट्ट्यांमध्ये ती उठून दिसतात. डिसेंबर ते मार्च बर्फ असते. गावात रेल्वे नाही. व्रोत्स्वाफहून रेल्वेने वाउब्झिखला येऊन पुढे बसने किंवा मोटारीने जावे. शनिवार-रविवारी बसच्या फेऱ्या कमी असू शकतात, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून ठेवणे श्रेयस्कर.

परिसरात कोणत्या पायवाटा आहेत?

श्व्येरादुफ-झ्द्रुय ते प्रुद्निक असा सुमारे ४४० किलोमीटर लांबीचा, लाल खुणांचा मुख्य सुदेती मार्ग गावातून जातो. एका दिवसासाठी सर्वांत चांगली फेरी म्हणजे गावातून व्वोस्तोवा, कोस्त्षिना आणि सुहावा या शिखरांवरून आन्द्झेयुव्का या गिर्यारोहकांच्या विश्रामगृहापर्यंत जाणे आणि खालच्या सोप्या वाटेने परतणे. आन्द्झेयुव्का १९३३ मध्ये बांधलेले असून तीन दऱ्यांच्या खिंडीत, सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. गरम सूप आणि मुक्काम या दोन्हींची तेथे सोय होते. वालिगुराचे शिखर विश्रामगृहाच्या जवळच आहे, पण त्या बाजूचा चढ अंतराने लहान आणि इतका खडा आहे की पावसात झाडांची मुळे धरून चढावे लागते. ओल्या दिवशी त्या वाटेने खाली उतरणे टाळावे आणि वळसा घालून यावे.

सीमेपलीकडे झेक बाजूस रुप्रेख्तित्स्की श्पिचाक (८८० मीटर) या शिखरावर निरीक्षण मनोरा आहे. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे जंगलातील सीमेवर तपासणी चौकी नसते, फक्त पांढऱ्या रंगाचे सीमादगड दिसतात. तरीही पासपोर्ट जवळ ठेवावा. ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल त्यांनी रिब्नित्सा लेश्ना येथील सतराव्या शतकातील लाकडी चर्च आणि ब्रोउमोव येथील बेनेडिक्टाइन मठ पाहावा.

लहान मुले किंवा ज्येष्ठ नागरिक बरोबर असल्यास काय करावे?

त्यांच्यासाठी ब्रेमर उद्यानातील वाटा पुरेशा आहेत. चढ मंद आहे, सावली आहे आणि बसायला जागा मिळते. शिखरांच्या वाटांवर, विशेषतः व्वोस्तोवाच्या, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी जाऊ नये.